उघाडीची वेळ

(कासू येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



संयोजकांनी मला दोन अटी घातल्या आहेत. समोर बसलेल्या शेतकऱ्याला विषय कळला पाहिजे, आणि रोह्याकडे परतणाऱ्यांची गाडी चुकता कामा नये. दुसरी अट मी पाळीन. पहिलीसाठी तुमच्याच खारेपाटातली एक वस्तू उसनी घेतो, ती म्हणजे उघाडी.

खाडीच्या कडेने बांध, बांधात उघाडी, उघाडीला झडप. ओहोटी लागून खाडीचे पाणी उतरले की आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि शेतात तुंबलेले पावसाचे पाणी निघून जाते. भरती चढू लागली की तेच खारे पाणी झडप बाहेरून दाबून धरते. हे मी तुम्हाला सांगणे म्हणजे अगाऊपणाच. उधाणाला झडप नीट बसली नाही तर भाताचे काय होते ते इथे घरोघरी ठाऊक आहे. मला त्यातले एवढेच हवे आहे की शेत तेच, खाडी तीच, मधली वाटही तीच, आणि तरी पाणी जाते की अडते हे वेळेवर ठरते. पहाटे सहाला मोकळी असलेली वाट दुपारी बाराला बंद असते.

आपल्याला काही आठवते तेव्हा मेंदूतही अशाच वेळा जुळाव्या लागतात. कोणता भाग कोणत्या भागाशी तंतूंनी जोडलेला आहे एवढे कळून भागत नाही. निरोप पोहोचला त्या क्षणी पलीकडचे दार उघडे होते का, हेही पाहावे लागते. आजचे व्याख्यान एवढ्याच मुद्द्यावर आहे.

आठवण मेंदूत नेमकी कुठे असते, हा जुना प्रश्न. १९५३ साली अमेरिकेत हार्टफर्डला विल्यम स्कोव्हिल या शल्यचिकित्सकाने हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या फिट थांबवण्यासाठी त्याच्या मेंदूतला, दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूचा हिप्पोकॅम्पस आणि भोवतालचा भाग काढून टाकला. फिट कमी झाल्या. पण त्या दिवसापासून २००८ साली मरेपर्यंत त्याला नवी घटना लक्षात ठेवता आली नाही. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, आणि दर भेटीत त्याला त्या नव्याच असत. मात्र लहानपणच्या पुष्कळ गोष्टी त्याला आठवत. आरशात बघून आकृती गिरवायला शिकवले तर त्याचा हात रोज सुधारत गेला, आपण हे आधी कधी केले आहे याची आठवण मात्र त्याला नसे. म्हणजे हिप्पोकॅम्पसवाचून नवी आठवण बनत नाही, पण सगळी आठवण तिथेच ठेवलेली असते असेही नाही. वास एका भागात, जागा दुसऱ्या भागात, आणि त्यावरून आता काय करायचे हा निर्णय तिसऱ्याच भागात, कपाळामागे. हे भाग ऐन वेळी एकत्र येतात कसे?

इथे लहरींचा विषय येतो. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी येना इथे १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा विजेची सूक्ष्म हालचाल नोंदवली आणि पाच वर्षांनी ती प्रसिद्ध केली. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला आठ ते तेरा हेलकाव्यांची ठळक अल्फा लहर दिसते, डोळे उघडले की ती विरते. या गृहस्थांना मुळात शोधायची होती ती एका मनातून दुसऱ्या मनात निरोप जाण्याची वाट! ती काही सापडली नाही, पण आज जिल्ह्याच्या ठिकाणी फिट येणाऱ्या रुग्णाची ईईजी तपासणी होते ती बर्गर यांच्याच पायावर. या विषयाला चमत्काराचे वेड जन्मापासून लागलेले आहे, तेवढे लक्षात असू द्या. पुढे त्याच्याशी काम पडणार आहे.

लहर म्हणजे काय? हजारो चेतापेशी एकाच वेळी थोड्या सज्ज होतात, मग थोड्या दबतात, पुन्हा सज्ज होतात. सज्ज असताना आलेला निरोप पेशी उचलते. दबलेली असताना तोच निरोप वाया जातो. जर्मन संशोधक पास्कल फ्रीस यांनी २००५ साली हा विचार नीट मांडला: दोन भागांचे हेलकावे जुळले तर त्यांच्यात बोलणे होते, विसकटले तर तंतू शाबूत असूनही होत नाही. तुमच्या भाषेत, उघाडीची वेळ साधली पाहिजे.

उंदीर फिरू लागला की त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये सेकंदाला सहा ते दहा हेलकाव्यांची थीटा लहर उठते. तिचा ठेका धरणारा भाग आहे सेप्टम. तो निकामी केला की थीटा मावळते आणि उंदराला वाटा लक्षात राहत नाहीत, हे जोनाथन विन्सन यांनी १९७८ सालीच दाखवले होते. जॉन ओकीफ यांना याच हिप्पोकॅम्पसमध्ये विशिष्ट जागी आल्यावरच पेटणाऱ्या पेशी १९७१ साली सापडल्या होत्या. १९९३ साली त्यांनी आणि मायकेल रेस यांनी आणखी एक बारकावा टिपला. उंदीर त्या जागेतून पुढे सरकत जातो तशी ती पेशी थीटाच्या प्रत्येक फेरीत जराशी आधी, आणखी आधी पेटत जाते. म्हणजे पेशी किती वेळा पेटली यातच नव्हे, तर लहरीच्या कोणत्या घडीला पेटली यातही माहिती भरलेली असते. ओकीफ यांना २०१४ सालचे नोबेल मिळाले, मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्याबरोबर.

आता मी ज्या माणसाच्या कामाबद्दल जरा सविस्तर बोलणार आहे त्यांचे नाव शंतनू जाधव. आडनाव तुम्हाला सांगायला नको. बॉस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठात त्यांची प्रयोगशाळा आहे आणि तिथला विषय नेमका हाच आहे: आठवणीच्या वेळी हिप्पोकॅम्पस आणि कपाळामागचा भाग एकमेकांशी कसे जुळतात. त्याआधी ते सॅन फ्रान्सिस्कोला लोरेन फ्रँक यांच्याकडे होते. तिथे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला एक प्रयोग २०१२ साली ‘सायन्स’मध्ये आला. प्रयोग कसा रचावा याचा नमुना म्हणून मी तो विद्यार्थ्यांना कितीतरी वर्षे सांगत आलो आहे.

उंदरासाठी तीन फाट्यांची वाट केली होती, तळाशी एकमेकांना जोडलेली. नियम दोन. कडेच्या फाट्यावरून निघालास तर मधल्या फाट्यावर यायचे. मधल्यावरून निघालास तर मघाशी ज्या कडेला गेला होतास ती सोडून दुसऱ्या कडेला जायचे. बरोबर गेलास तर खाऊ. पहिल्या नियमाला फारशी आठवण लागत नाही, कुठूनही ये पण मध्ये ये. दुसऱ्याला मात्र लागते; मघाशी कुठे गेलो होतो ते ध्यानात नसेल तर खाऊ नाही.

उंदीर वाटेत थबकतो, खाऊ खातो, इकडेतिकडे बघतो, तेव्हा थीटा ओसरते आणि हिप्पोकॅम्पसमध्ये एक फार छोटी, फार वेगवान थरथर उठते. सेकंदाला दीडशे ते अडीचशे हेलकावे, पण सगळी मिळून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात संपणारी. तिला रिपल म्हणतात. त्या तेवढ्या अवधीत, चालायला काही सेकंद लागलेली वाट पेशी त्याच क्रमाने पुन्हा एकदा म्हणून घेतात. पुढे बघा. संगणक त्या उंदराच्या मेंदूवर नजर ठेवून बसला होता. रिपल सुरू झाली रे झाली की हिप्पोकॅम्पसच्या दोन बाजूंना जोडणाऱ्या तंतूंना एक सूक्ष्म झटका देऊन ती तिथल्या तिथे मोडायची. परिणाम काय? पहिला नियम उंदीर नेहमीसारखाच शिकले. दुसरा, आठवण लागणारा, शिकताना मात्र ते मागे पडले. जागा ओळखणाऱ्या पेशी जशाच्या तशा होत्या, त्यांचे काही बिघडले नव्हते.

पण शंकेखोर म्हणेल, मेंदूला झटके दिल्यावर गडबड होणारच, त्यात काय मोठेसे? म्हणूनच उंदरांचा दुसरा गट होता. त्यांनाही रिपल दिसल्यावरच तसाच झटका द्यायचा, फक्त दीडशे ते दोनशे मिलिसेकंद थांबून. तोवर रिपल आपले काम करून गेलेली असते. हे उंदीर दोन्ही नियम व्यवस्थित शिकले. झटका तोच, जागा तीच. फरक पडला तो पापणी लवायला लागणाऱ्या वेळाइतका.

माझ्या मते या विषयातला सर्वांत भक्कम पुरावा या दुसऱ्या गटात आहे. पहिल्या गटाचीच चर्चा जास्त होते, हे मला नेहमी खटकते.

पुढे ब्रँडाइसमध्ये जाधव यांच्या गटाने वासाचा प्रयोग केला. तो २०२२ साली ‘ईलाइफ’मध्ये आला, पहिले नाव क्लेअर सिमान्स्की यांचे. उंदराने एका भोकात नाक घालून वास हुंगायचा. एक वास आला तर डावीकडे खाऊ, दुसरा आला तर उजवीकडे. नाकाकडचा गंधकंद, हिप्पोकॅम्पस आणि कपाळामागचा भाग, अशा तिन्ही ठिकाणी एकाच वेळी बारीक तारा बसवल्या होत्या. हुंगत असताना तिन्ही ठिकाणी दोन लहरी ठळक झाल्या. एक सेकंदाला सात-आठ हेलकाव्यांची, श्वासाबरोबर चालणारी. दुसरी वीस ते तीस हेलकाव्यांची, बीटा. कुठल्याही दोन भागांची जोडी घ्या, निर्णयाच्या त्या घडीला दोन्ही लहरींचा मेळ वाढलेला होता. अचूक निर्णयाशी मात्र संबंध दिसला तो बीटाचा: हिप्पोकॅम्पसमधल्या आणि कपाळामागच्या ज्या पेशी बीटाला धरून पेटत होत्या, त्यांचे ते धरून पेटणे बरोबर निवडीशी जोडलेले होते. उंदीर कुठे वळणार, हे तो वळण्याआधीच पेशींच्या नोंदीवरून ओळखता येत होते.

जाता जाता आपल्या जवळचे सांगतो. पुण्याच्या आयसरमध्ये निक्सन अब्राहम यांचा गट उंदीर वास कसे ओळखतात आणि लक्षात ठेवतात याचाच अभ्यास करतो. करोनाच्या काळात त्यांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर माणसाची वास घेण्याची क्षमता मोजणारे यंत्र वापरले. ज्यांना काहीच त्रास जाणवत नव्हता अशा बाधितांतही वासाची कमतरता त्यातून पकडता आली. सुक्या बोंबलाच्या पाटीशेजारी बसून पेणहून इथवर प्रवास केलेल्यांना नाकाचे महत्त्व पटवून द्यावे लागणार नाही.

आता या सगळ्यावरची शंका. आंबा नदीच्या मुखाशी धरमतरची खाडी, रोह्याच्या कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंड्याची. दोन्हींना भरती साधारण एकाच सुमारास येते. म्हणून धरमतरचे पाणी रेवदंड्याला निरोप धाडते असे कुणी म्हणेल का? दोघींना चढवतो तो समुद्र. मेंदूतल्या दोन भागांच्या लहरी बरोबरीने चढल्या-उतरल्या म्हणजे ते एकमेकांशी बोलत आहेत असे धरून चालता येत नाही. कदाचित तिसराच कुणी दोघांना हलवत असेल. शिवाय वीज मेंदूत आजूबाजूला पसरते, त्यामुळे एका भागाची लहर शेजारच्या तारेतही उमटते. या क्षेत्रातले कितीतरी निबंध नुसत्या जुळण्यावर थांबतात आणि पुढे संवादाचे इमले बांधतात. मला ते पटत नाही.

मग खरे बोलणे ओळखायचे कसे? एक मार्ग उशिराचा. खाडीच्या तोंडाशी भरती आधी चढते आणि आत नागोठण्याच्या अंगाला नंतर, कारण पाणी वाट चालत येते. थानोस सियापास यांनी २००५ साली सहकाऱ्यांबरोबर दाखवले की उंदराच्या कपाळामागच्या पुष्कळ पेशी हिप्पोकॅम्पसच्या थीटाला धरून पेटतात, आणि हा मेळ सर्वांत पक्का जुळतो तो सुमारे पन्नास मिलिसेकंद आधीच्या थीटाशी. म्हणजे हिप्पोकॅम्पस आधी, कपाळ मागाहून. दिशा कळली. दुसरा मार्ग मघाच्या रिपलच्या प्रयोगाचा: मुद्दाम मोडून बघणे, आणि तेही चुकीच्या वेळी मोडून बघणे. या दोन कसोट्या लावल्या तर उरतात ते प्रयोग थोडे आहेत, पण उरतात ते खणखणीत आहेत.

झोपेबद्दल बोलतो, कारण या सभागृहात दहावीच्या मुलांचे पालक बरेच आहेत. मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी १९९४ साली दाखवले की उंदीर फिरताना ज्या पेशी जोडीने पेटल्या त्याच नंतर झोपेतही जोडीने पेटतात. चार वर्षांनी सियापास आणि विल्सन यांना दिसले की झोपेतल्या हिप्पोकॅम्पसच्या रिपल आणि मेंदूच्या वरच्या थरातल्या स्पिंडल नावाच्या लहरी एकमेकींच्या आसपास येतात. गाढ झोपेत सेकंदाला एकाहून कमी अशी एक संथ लहर चालू असते. तिच्या ठराविक घडीला स्पिंडल, आणि स्पिंडलच्या कुशीत रिपल, अशी ही घडी बसते. बर्कलेच्या रँडॉल्फ हेल्फ्रिख, मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली तरुण आणि वृद्धांची झोप ताडून पाहिली. वृद्धांत या लहरी नाहीशा झालेल्या नव्हत्या, पण संथ लहर आणि स्पिंडल यांची वेळ चुकू लागली होती. ज्यांची जास्त चुकत होती त्यांना रात्रीतून जास्त विसरायला झाले. बाहेरून वीज देऊन ही वेळ सुधारता येईल का, याचे प्रयोग २००६ सालापासून चालू आहेत. पहिला निकाल आशादायक होता, पुढे सगळ्यांना तसाच मिळाला नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून वाचणारा मुलगा आपल्याच अभ्यासाची घडी मोडतो, एवढे मात्र मी निर्धास्तपणे सांगतो.

वयाचा विषय निघालाच आहे तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले सुप्रतीम राय यांचे काम सांगायला हवे. त्यांच्या गटाने बंगळुरातल्या वृद्ध नागरिकांना पडद्यावर पट्ट्यापट्ट्यांची चित्रे दाखवून गॅमा नावाची लहर मोजली. ती वयाप्रमाणे क्षीण होते, आणि विस्मरणाच्या सुरुवातीच्या टप्प्यावरच्या लोकांत त्याच वयाच्या निरोग्यांहून क्षीण आढळली. लहर दृष्टीची आहे, स्मरणाची नव्हे. पण डोक्यावर तारा चिकटवून होणारी स्वस्त तपासणी उद्या काही उपयोगाची ठरेल, अशी आशा तीत आहे.

असे व्याख्यान झाले की वेदपाठकांविषयी प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच सांगतो. जेम्स हार्टझेल आणि सहकाऱ्यांनी हरियाणात मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात यजुर्वेदाचे २१ पाठक तपासले. निबंध २०१६ सालचा. त्यांच्या मेंदूच्या अनेक भागांत, उजव्या हिप्पोकॅम्पसमध्येही, करडे द्रव्य इतरांहून जास्त आढळले. ते पाठांतराने वाढले की तशीच मुले त्या शिक्षणात टिकतात, हे एकदाच काढलेल्या चित्रावरून ठरत नाही. आणि त्या अभ्यासात लहरी मोजलेल्याच नव्हत्या. मृदंगाचा ठेका आणि मेंदूची गॅमा यांचा थेट संबंध जोडणारी पत्रके मी पाहिली आहेत. त्यांना काही आधार नाही.

पत्रकांवरून आठवले. काही वर्षांपूर्वी मिडब्रेन ॲक्टिव्हेशनच्या वर्गांचे पीक राज्यभर आले होते. हजारो रुपये भरायचे, मग मूल डोळ्यांना पट्टी बांधून वाचते म्हणे! अंधश्रद्धा निर्मूलन समितीने त्यांना उघड आव्हान दिले. मूल वाचत होते ते नाकाशेजारच्या फटीतून. आता तेच दुकान लहरींच्या नावाने उघडते: कानात हे सूर घाला, अल्फा वाढेल, स्मरण दुप्पट होईल. लहर जास्त असणे म्हणजे चांगले, हेच मुळात चूक आहे. मेंदूतल्या पेशी गरजेपेक्षा जास्त, सगळ्या मिळून, एकाच ठेक्यात पेटू लागल्या तर माणसाला फिट येते. बांधाला खांड गेली की पाणी शेतात भरपूर येते, त्याने पीक येत नाही. कुणी पैसे मागितले तर त्याला एवढेच विचारा: कोणती लहर, कुठल्या दोन भागांत, कुठल्या घडीला, आणि मोजली कुणी?

फिटचा उल्लेख मी मुद्दाम केला. माणसाच्या मेंदूच्या आत उतरून आठवणीच्या लहरी मोजता आल्या त्या मुख्यतः अपस्माराच्या रुग्णांमुळे. फिट कुठून उठते हे शोधायला ज्यांच्या मेंदूत तारा घालाव्या लागल्या, त्यांतल्या काहींनी त्या दिवसांत शब्द पाठ करून दाखवायला होकार दिला. जर्मनीत बॉन इथे युर्गन फेल आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवले की जो शब्द पुढे आठवला, तो वाचताना हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारचा भाग यांच्या गॅमा लहरी क्षणभर जुळल्या होत्या आणि लगेच विलग झाल्या होत्या. विसरलेल्या शब्दांना ते झाले नाही. ज्यांच्यामुळे हे कळले त्यांच्याशी आपण गावात कसे वागतो?

कुणाला फिट आली तर नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नका. वासाने फिट थांबत नाही. दातांत चमचा घालू नका, तोंडात पाणी ओतू नका, हातपाय दाबून धरू नका. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकामागून एक येऊ लागली, तर लगेच रुग्णालयात न्या. थांबली तरी नंतर डॉक्टरांकडे जा आणि ईईजी करून घ्या. बहुतेकांच्या फिट गोळ्यांनी आटोक्यात राहतात. गोळ्या मनाने बंद करू नका, आणि मुलीला फिट येते म्हणून तिची शाळा सोडवू नका.